नॉर्मल लिहिलेली कुपी

तेवीस वर्षं मी लोकांची रक्तं तपासते आहे आणि तेवीस वर्षांत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ऐकवलंय मात्र भरपूर जणांना. उपाशीपोटी या म्हटलं की बिस्किटं खाऊन येणाऱ्यांना, नळीवर नाव न लिहिता ती पाठवून देणाऱ्या नर्सला, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हटल्यावर दुपारपासून काउंटरवर कोपर टेकून उभे राहणाऱ्यांना. लॅबमध्ये माझं नाव काटेबाई. तराजूच्या काट्यावरून पडलंय असं मी धरून चालते. आणखी कशावरून पडलं असेल, तर ते कुणी माझ्या तोंडावर सांगितलेलं नाही.

आज हे सांगतेय ते कौतुक करून घ्यायला नाही. सांगताना मान वर होत नाही, तरी सांगते. कारण अर्धवट सांगून बघितलंय एकदा, त्याचं पुढे येईलच.

आमच्याकडे एक तपासणी होते, ती आसपासच्या दुसऱ्या लॅब करत नाहीत. कुत्र्यामांजरांच्या पोटात लांबट, गोल जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, दोन-तीन आठवडे तिथे मुरतात आणि मग मातीच्या हातांनी माणसाच्या तोंडात, बहुतेकदा पोरांच्याच. आता माणसाचं पोट हे काही त्या जंताचं घर नव्हे. अळी अंड्यातून बाहेर येते, तिला वाट सापडत नाही, मग ती अंगभर भटकत सुटते. कधी यकृतात, कधी फुप्फुसात आणि नशीब फुटकं असेल तर डोळ्यात. माणसाच्या अंगात ती मोठी होतच नाही, म्हणून शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही. रक्तच बघावं लागतं. तिच्याशी लढायला शरीर जे तयार करतं ते रक्तात उतरतं.

तपासणी करायची कशी, तर प्लास्टिकच्या पट्टीला बारीक बारीक वाट्या असतात. एकेका वाटीत एकेकाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, घालायचं. मग दोन-तीन औषधं, मधूनमधून धुणं आणि शेवटी रंग. ज्याच्या रक्तात काही आहे त्याची वाटी पिवळी होते. पण पिवळी म्हणजे किती पिवळी? ते ठरवायला दर वेळी एका वाटीत, ज्याला हे दुखणं नाही अशा माणसाचं सिरम लावतात. त्याला निगेटिव्ह कंट्रोल म्हणायचं. मशीन त्या वाटीचा आकडा घेतं, त्याच्या वर ठरावीक अंतरावर रेघ ओढतं. रेघेच्या वर गेला तो अडकला, खाली राहिला तो सुटला. सगळी तपासणी त्या एका वाटीवर उभी असते. हे मी लॅबमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला बोट नाचवून शिकवत आले.

किटच्या खोक्यात निगेटिव्हची कुपी येते करंगळीएवढी. आमच्याकडे या तपासणीचे पेशंट आठवड्याला एक, फार तर दोन. एकाच पेशंटची असली तरी कंट्रोल लावावाच लागतो, त्यामुळे कुपी संपते आणि पट्ट्या उरतात. मग आम्ही घरचा कंट्रोल बनवला. रीतसर करायचं तर दहा-बारा धडधाकट माणसांचं सिरम एकत्र करायचं आणि नवं खोकं उघडलं की त्यातल्या कुपीशेजारी हे लावून दोन्ही सारखे येतात का ते बघायचं. पहिल्यांदा केलंही तसं. पण दर काही महिन्यांनी दहा माणसं कुठून धरून आणायची? मी म्हटलं, माझं घ्या, मला साधं पडसंही होत नाही. लावून बघितलं तर वाटी पाण्यासारखी स्वच्छ. मोठे डॉक्टर, म्हणजे लॅबचे मालक, हसले. काटेबाईंपेक्षा नॉर्मल इथे दुसरं आहे तरी कोण, असं म्हणाले. मी कुपीवर मार्करने 'नॉर्मल' लिहिलं आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. खरं सांगते, मला त्या कुपीचा अभिमान होता. सगळ्या गावाचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून बघितलं जातंय, हे काही थोडं नव्हे.

याला झाली सहा वर्षं. कुपी संपली की मी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायची, शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणायची, चल गं, काढ. नवी कुपी, तोच मार्कर, तेच अक्षर. पण खोक्यातल्या कुपीशेजारी लावून बघायचं मी कधीच सोडून दिलं होतं. तक्त्यावर त्या रकान्यात सही मात्र करायची. माझंच तर रक्त, त्यात काय बघायचंय.

चार वर्षांपूर्वी बाईसाहेब आली. लॅबच्या मागच्या फाटकाशी पडलेलं कुत्र्याचं ओलं पिल्लू होतं, मी पिशवीत घालून घरी आणलं. काळी, पायांत पांढरे मोजे आणि चालणं असं की सगळी इमारत हिच्या नावावर आहे. म्हणून नाव बाईसाहेब. मी एकटी राहते, वरच्या मजल्यावर, पुढे गच्ची आहे, गच्चीत कुंड्या आहेत. तिला जंतांची गोळी द्यायची असते दर तीन महिन्यांनी. पहिलं वर्षभर दिली. ती गोळी बरोब्बर बाजूला काढून थुंकायची. एकदा जबडा उघडून आत सारायला गेले तर बोट धरलं, चांगलं रक्त आलं. त्यानंतर म्हटलं, जाऊ दे. गुटगुटीत आहे, अंगावर चकाकी आहे, हिला कसले जंत. आणि ही मी कोण? काउंटरवर कुत्रेवाला आला की त्याला विचारणारी, औषध देता का वेळेवर, नाही? मग हौस कशाला करता? एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर मी चारचौघांत असं झाडलं होतं की बिचारे पावती न घेताच गेले.

दोन वर्षांपूर्वी बाईसाहेबला पाच पिल्लं झाली. गच्चीत खोक्यात ठेवली होती. माझा धाकटा भाऊ तीन गल्ल्या सोडून राहतो. त्याची मुलगी बिट्टी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला त्या खोक्यापासून उठवणं म्हणजे रोजचं रडणं. पिल्लं मोठी झाली, लोकांनी नेली, पण बिट्टीचा रविवार माझ्या गच्चीवरच ठरला. कुंडीतली माती उकरायची, पाणी घालून गोळे करायचे आणि आत्या, खा म्हणून माझ्यापुढे धरायचे. मी खाल्ल्याचं नाटक करायची. ती नाटक करत नव्हती, तिच्या ओठांना माती असायची. मी हसून पदराने पुसायची. भावजय म्हणायची, ताई, माती खाऊ देऊ नका हो तिला. मी म्हणायची, मातीने कुणी मरत नाही, अंग कणखर होतं.

या वर्षी बिट्टी पाच वर्षांची झाली. एक दिवस ती लपाछपी खेळताना एका डोळ्यावर हात ठेवून आकडे मोजत होती. मध्येच थांबली आणि आईला म्हणाली, हा डोळा झाकला की तू जातेस. भावजयीला वाटलं, खेळतेय. तिने दुसरा डोळा झाकायला सांगितला तर म्हणाली, आता आलीस. उजव्या डोळ्याने पोरीला जवळजवळ दिसत नव्हतं आणि कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

डोळ्यांची डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची मुलगी. तिने बाहुली मोठी करून आत बघितलं, यंत्रावर फोटो काढले आणि भावाला समोर बसवून सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पांढुरकी गाठ आहे. ती दोन गोष्टींची असू शकते. एक तर कुत्र्याच्या जंताची अळी तिथे जाऊन बसली असेल. तसं असेल तर औषधं आहेत, नजर थोडी गेली तरी डोळा राहील. नाहीतर ती वाईट गाठ असेल, आणि तशी असेल तर ती डोक्याकडे सरकायच्या आत डोळा काढावा लागेल. सगळं काही एका रक्ताच्या तपासणीवर ठरत नाही, पण आधी ते करून घ्या, असं म्हणून तिने चिठ्ठी दिली. चिठ्ठी आमच्याच लॅबची.

भाऊ, भावजय, बिट्टी, तिघं थेट माझ्याकडे आली. मीच रक्त काढलं, बिट्टी रडलीसुद्धा नाही. मी कापूस लावत असताना भावजयीने हळूच विचारलं.

"ताई, बाईसाहेबला जंतांचं औषध वेळच्या वेळी देता ना?"

साधा प्रश्न होता. तिच्या आवाजात आरोप नव्हता, भीती होती. पण लॅबमधल्या बाकीच्या दोघी आपापल्या टेबलावर मान खाली घालून ऐकत होत्या आणि माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "देते. तेवीस वर्षं हेच करतेय मी, आता तू मला शिकवणार?" भावाने तिच्याकडे असं बघितलं की जणू चूक तिचीच. आणि मी ते होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी लावली. एक वाटी 'नॉर्मल', एक पॉझिटिव्हची, म्हणजे हे दुखणं नक्की असलेल्या रक्ताची, एक बिट्टीची. वाट्यांकडे न बघताच पट्टी मशीनमध्ये सारली, वर्षानुवर्षांची सवय, आणि मशीनने कागद बाहेर काढला. बिट्टीचा आकडा रेघेच्या खाली. थोडाच खाली, पण खाली. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बिट्टीचं नव्हे. बाईसाहेब सुटली, असं वाटलं. मी सुटले. मग मला उमगलं की जंत नाही म्हणजे दुसरं काय ते.

कागद द्यायला मीच भावाच्या घरी गेले. भावजयीने तो दोन्ही हातांत धरला, खालीवर बघितलं आणि म्हणाली की यात दोन आकडे अगदी जवळजवळ आहेत, मग नक्की नाही असं कसं म्हणायचं? आता बघा, बरोबर बोट ठेवलं होतं तिने. मी म्हटलं, "रिपोर्ट वाचता येतो का तुला?" तिने कागदाची घडी केली आणि पोरीच्या वेणीला हात घातला. वेणी घातलेलीच होती, तिने ती सोडून परत घातली.

डोळ्यांच्या डॉक्टरने गुरुवारची तारीख दिली. त्या दिवशी डोळा काढायचा. शनिवार, रविवार मी भावाच्या घरीच होते. बिट्टीला हॉस्पिटलात काय होणार ते सांगायचं कसं, यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. बिट्टी मध्येच येऊन विचारायची, बाईसाहेब का नाही आणलीस? मी रडत होते. खोटं नाही, मनापासून रडत होते. आणि सगळा वेळ तिच्या डोळ्यावर मीच बसले होते. याची आठवण झाली की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

सोमवारी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरचा लॅबमध्ये फोन आला. तिने फार अदबीने विचारलं.

"मॅडम, मला डोळ्यात जे दिसतंय ते आणि तुमचा कागद जुळत नाहीये. एकदा परत लावाल का?"

मला आग लागली. काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोर माझ्या तपासणीवर संशय घेतेय. लावते, म्हटलं, आणि फोन ठेवला. मनाशी ठरवलं की आता असं लावायचं की हिला बोलायला जागाच राहायला नको. नवं खोकं उघडलं. त्यातली करंगळीएवढी निगेटिव्हची कुपी काढली, तिच्या शेजारी माझी 'नॉर्मल' ठेवली. दोन्ही लावायच्या, दोन्ही सारख्या येतील, कागद तिच्या तोंडावर मारायचा. म्हणजे बघा, जे प्रत्येक खोक्याला करायचं असतं, ते मी सहा वर्षांनी केलं आणि तेही रागाच्या भरात.

शेवटचं औषध घातलं की रंग यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आधी निळा येतो, मग आम्ल घातलं की पिवळा. मी आम्ल घालून पट्टी उजेडाकडे धरली. पॉझिटिव्हची वाटी गडद, ती असायचीच. खोक्यातली निगेटिव्ह, स्वच्छ. बिट्टीची, फिकट पिवळी, पण पिवळी. आणि तिच्या शेजारची, बिट्टीहून जास्त पिवळी, ती माझी.

मला वाटलं, वाट्या चुकल्या. कागदावरचा क्रम बघितला. परत बघितला. मग मशीनमध्ये घातली. मशीनला काय, त्याने आकडे दिले. बिट्टी नव्या रेघेच्या वर होती आणि मी तिच्याही वर. बाईसाहेबचे जंत माझ्याही अंगात येऊन गेले होते, कधी ते मला कळलंही नव्हतं. मोठ्या माणसाला बहुतेकदा काहीच होत नाही, रक्तात खूण मात्र राहते. कुपीतलं रक्त बदललं होतं, लेबल मी तेच लावत होते. माझ्या पिवळ्या वाटीवरून मशीन रेघ ओढत होतं, ती रेघ वर गेली आणि तिच्याखाली बिट्टी झाकली गेली.

स्टुलावर बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चक्कर आली.

फोन मात्र लगेच लावला, तेवढी अक्कल होती. डोळ्यांच्या डॉक्टरला सांगितलं, पॉझिटिव्ह आहे, गुरुवारचं थांबवा. पलीकडून तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग तिने विचारलं, पहिल्या वेळी काय झालं होतं? आणि मी, काटेबाई, म्हणाले, नमुना खराब झाला असेल, लहान मुलांचं रक्त कधीकधी नीट येत नाही. पाच वर्षांच्या पोरीच्या माथी मारलं. ती न रडता हात पुढे करून बसली होती आणि मी तिच्या रक्ताला नावं ठेवली. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली.

खरं म्हणजे तिथे विषय मिटला असता. डोळा वाचला, कुणाला कळायचं कारण नव्हतं. कुपी बेसिनमध्ये ओतली की संपलं. मी उठून फ्रीजपर्यंत गेलेही. पण शेजारीच कपाटात रिपोर्टच्या वह्या असतात. पिल्लं झाल्यापासूनची दोन वर्षं मी चाळून बघितली. या तपासणीची एकशे तेरा नावं. त्यातल्या ज्यांना मी सुटलात म्हणून सांगितलं होतं, त्यांतलं कोण खरोखर सुटलं होतं? त्या वहीत त्या म्हाताऱ्या गृहस्थांचंही नाव होतं, ज्यांना मी झाडलं होतं. निगेटिव्ह.

वही आणि कुपी घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. सही केलेल्या रकान्यांचंही सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, मग म्हणाले की चूक त्यांचीही आहे, त्यांनीही कधी बघितलं नाही. सगळ्यांना परत बोलवायचं, तपासणी पुन्हा करायची, कारण काय ते खरं सांगायचं, आणि फोन मी करायचे. मी हो म्हटलं. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. कुपी फेकू नका म्हणाले, पॉझिटिव्ह म्हणून कामाला येईल. चेष्टा नव्हती ती, कामाचीच गोष्ट होती. त्यांच्यासमोरच मी मार्करने 'नॉर्मल' खोडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरला दुसरा फोन केला. नमुना चांगला होता, म्हटलं, खराब मी होते. ती म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत. एवढंच.

मग भावाचं घर. नवा कागद पर्समध्ये होता. डॉक्टरचा फोन आधीच आलेला, त्यामुळे घरात सण असल्यासारखं चाललं होतं. भावाने दार उघडताच मला मिठी मारली. भावजयीचे डोळे रडून सुजले होते, तशीच ती चहा टाकायला गेली. बिट्टी फरशीवर झोपून चित्र रंगवत होती, डोकं एका बाजूला कलवून, चांगल्या डोळ्याने. मी खुर्चीच्या कडेवर बसले आणि कंट्रोल, रेघ, आकडे असं काहीबाही बोलायला लागले. लॅबची भाषा मोठी सोयीची असते, तिच्याआड माणूस दिसत नाही. भावाने मला पुरतं बोलूही दिलं नाही. मशीनची चूक असणार, ताई, तू जिवाला लावून घेऊ नकोस, तू परत तपासलंस म्हणून तर पोरीचा डोळा राहिला. शेजारच्यांनाही त्याने असंच सांगितलं होतं, आत्याने वाचवलं.

मी गप्प बसले. थोडा वेळ, पण बसले. ते ऐकायला गोड लागत होतं.

भावजय चहाचे कप घेऊन आली. कप माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. माझ्यासमोर खाली बसली आणि तेच विचारलं, त्याच हळू आवाजात.

"ताई, बाईसाहेबला औषध देत होतात ना?"

भाऊ तिच्यावर ओरडणार होता, मी हात वर केला.

"नाही," मी म्हटलं. "तीन वर्षं नाही दिलं. खोटं बोलले. आणि मशीनची चूक नव्हती, माझीच होती."

मग सगळं सांगितलं, या वेळी साध्या शब्दांत. माझं रक्त, माझी कुपी, माझी सही. भाऊ उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. लहानपणी माझ्या बोटाला धरून शाळेत जाणारा माझा भाऊ. त्याची ती पाठ मला बघवेना. भावजय मात्र माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता ती बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते की, ताई. दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, रिपोर्ट वाचता येतो का तुला. मला खरंच येत नाही. मग मला वाटलं, माझंच चुकत असेल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोलले असते, मला ते येतं. गुरुवारी पोरीला घेऊन ती हॉस्पिटलात गेली असती आणि माझ्या शब्दाखातर डोळा देऊन आली असती, तोंडातून चकार शब्द न काढता. मी तिला तसं करून ठेवलं होतं.

ती उठली, माझ्या मांडीवरच्या पर्समधून डोकावणारा कागद तिने स्वतःच ओढून घेतला. टेबलावर पसरला, हाताने सरळ केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"आता शिकवा मला," ती म्हणाली. "कुठे बघायचं असतं?"

बिट्टी रंग टाकून आली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मी कागदावर बोट ठेवलं. ही रेघ, मी सांगितलं. हिच्या खाली ते सुटले, वर ते अडकले. हा खाली दिसतो तो खोक्यातला, चांगला. रेघेच्या वर हा आकडा बिट्टीचा.

"आणि तिच्या वरचा?"

"तो माझा," मी म्हटलं.

तिने तो आकडा बोट ठेवून वाचला, मग बिट्टीचा वाचला, मग परत माझा.